एकशे छप्पन्न जणांतला एक

२००३ च्या जुलैत ब्रिटिश ओपन इंग्लंडच्या केंट परगण्यात, सँडविच गावाजवळच्या रॉयल सेंट जॉर्जेस मैदानावर भरली होती. समुद्राकाठचे वाळूचे उंचवटे, त्यांवर माजलेलं गवत आणि सतत वाहणारा वारा. पहिल्या दिवशी, पहिल्याच होलवर, टायगर वूड्सचा पहिलाच फटका त्या गवतात गेला आणि चेंडू सापडलाच नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे शोधायला पाच मिनिटं मिळत. ती संपली आणि जगातल्या अव्वल खेळाडूला एका फटक्याचा दंड घेऊन पुन्हा सुरुवातीच्या जागेवरून मारावं लागलं. चार फटक्यांच्या होलला त्याला सात लागले.

त्याच दिवशी डेन्मार्कचा थॉमस ब्यॉन सतराव्या होलवर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, अडकला. एका फटक्यात चेंडू बाहेर आला नाही म्हणून त्याने रागाने काठी वाळूवर आपटली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चेंडू अजून बंकरमध्येच असताना वाळूला काठी लावता येत नसे. दंड दोन फटक्यांचा. रविवारी, चौथ्या फेरीत, हाच ब्यॉन सगळ्यांच्या पुढे होता. शेवटचे चार होल उरले असताना त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती. पंधराव्यावर एक गेला. सोळावा होल आखूड, तीन फटक्यांचा. चेंडू ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, उजव्या कडेला पडला आणि घरंगळत बंकरमध्ये उतरला. ब्यॉनने तो बाहेर काढला, चेंडू उतारावर क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि परत त्याच्या पायाशी आला. दुसऱ्यांदा मारला, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा निघाला. दोन फटके तिथे गेले आणि सतराव्यावर आणखी एक.

तोवर आपली फेरी संपवून सरावाच्या जागी चेंडू मारत बसलेला ओहायोचा २६ वर्षांचा बेन कर्टिस ओपनचा विजेता ठरला. कर्टिस २८३, ब्यॉन आणि विजय सिंग २८४, वूड्स आणि डेव्हिस लव्ह २८५. वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांना मेजर म्हणतात, कर्टिसची ही आयुष्यातली पहिलीच. जागतिक क्रमवारीत तो ३९६ वा होता. ब्रिटनच्या बुकींकडे त्याचा भाव एकाला तीनशे, काही ठिकाणी त्याहूनही चढा होता आणि सगळ्यात कमी भाव अर्थातच वूड्सचा होता.

एका हरवलेल्या चेंडूचे दोन फटके आणि एका रागाचे दोन फटके. त्यांतलं एक जरी घडलं नसतं तरी निकाल कदाचित वेगळा लागला असता. व्यावसायिक गोल्फ स्पर्धेत विजेता कोण यावर पैसे लावणारा माणूस नेमक्या कशावर पैसे लावतो, हे समजून घ्यायला सँडविचचा तो आठवडा फार उपयोगी आहे. वूड्स कर्टिसपेक्षा कितीतरी सरस खेळाडू होता, याबद्दल तेव्हाही कोणाला शंका नव्हती, आजही नाही. पण पैजेत खेळाडू किती चांगला हा प्रश्न नसतोच. त्याच्या जिंकण्याच्या शक्यतेला लावलेला भाव बरोबर आहे का, एवढाच प्रश्न असतो. हे दोन प्रश्न एकच मानल्यामुळे पैसे लावणाऱ्यांचे पैसे जातात. मला या विषयात रस आहे तो या फरकामुळे.

भाव वाचायला अवघड नाही. महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेलेल्या माणसाला ही भाषा ठाऊक असते. भाव एकाला चार म्हणजे शंभर रुपये लावले आणि खेळाडू जिंकला तर चारशे वर आणि आपले शंभर परत. त्यात दडलेली शक्यता काढायची तर एक भागिले पाच, म्हणजे वीस टक्के. एकाला चौदा म्हणजे एक भागिले पंधरा, सुमारे पावणेसात टक्के. एकाला पाचशे म्हणजे जेमतेम ०.२ टक्के.

आता समजा, १५६ खेळाडूंच्या स्पर्धेचे भाव असे निघाले. एकाचा चार, एकाचा आठ, चौघांचा चौदा, सहा जणांचा पंचवीस, दहा जणांचा पन्नास, वीस जणांचा शंभर आणि उरलेल्या ११४ जणांचा पाचशे. हे आकडे मी समजावण्यापुरते मांडले आहेत, पण मोठ्या स्पर्धेच्या भावांची यादी साधारण अशाच चणीची असते. प्रत्येकाचे टक्के काढून बेरीज केली तर ती १४३ भरते. जिंकणार तर एकच, म्हणजे खऱ्या शक्यतांची बेरीज शंभरच असायला हवी. वरचे ४३ बुकीचे. या भावांच्या प्रमाणात सगळ्या खेळाडूंवर मिळून १४३ रुपये लागले, तर कोणीही जिंको, बुकी शंभर वाटणार आणि ४३ ठेवून घेणार. म्हणजे जमा झालेल्या प्रत्येक शंभरातले तीस रुपये चेंडूला हात लागण्याआधीच गेलेले असतात. अमेरिकी कॅसिनोतल्या दोन शून्यांच्या रुलेटवर शंभरामागे सव्वापाच रुपये जातात आणि तो जुगार लुटारू म्हणून ओळखला जातो.

दोनच बाजू असलेल्या सामन्यात बुकीला एवढी मजल मारता येत नाही, कारण दोन भाव समोरासमोर असतात आणि कोणीही त्यांची बेरीज करू शकतो. गोल्फच्या यादीत दीडशे नावं असतात. बघणारा त्यातली आपली दोन-तीन नावं बघतो. प्रत्येक भावात थोडं थोडं काढून घेतलेलं असतं, ते एकेका नावात दिसत नाही. त्यातही यादीच्या तळाशी कापाकापी जास्त असते. घोड्यांच्या शर्यतींत हे १९४९ पासून अभ्यासकांनी नोंदवून ठेवलं आहे. लोक लांबच्या, कोणाच्या गणतीत नसलेल्या घोड्यावर त्याच्या लायकीपेक्षा जास्त पैसे लावतात, कारण थोडक्यात खूप मिळण्याची ओढ असते. त्यामुळे एकाला पाचशे भावाच्या माणसाची खरी शक्यता पाचशेत एकपेक्षा पुष्कळच कमी असू शकते. कर्टिस जिंकला हे सगळ्यांना आठवतं. तशाच भावाची शेकडो नावं दर वर्षी दोन फेऱ्यांनंतर गाळली जाऊन शुक्रवारी संध्याकाळी बॅगा भरून निघून जातात, त्यांच्यावर किती पैसे बुडाले याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

मग भाव कमी असलेल्या, म्हणजे सगळ्यांच्या पसंतीच्या खेळाडूवर लावावेत का? इथे या खेळाचा स्वभाव आडवा येतो. कुस्तीच्या फडात पैलवानाच्या अंगावर एका वेळी एकच जण येतो. गोल्फमध्ये १५५ जण एकाच वेळी अंगावर येतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही अडवण्याचा एकही डाव खेळाडूच्या हातात नसतो. तो फक्त आपला चेंडू मारू शकतो.

यातलं गणित थोडं उलगडून सांगतो. व्यावसायिक खेळाडूची एक फेरी त्याच्या स्वतःच्या सरासरीपेक्षा तीनेक फटके वर किंवा खाली जाणं अगदी नेहमीचं आहे. स्पर्धा चार फेऱ्यांची असते. चार फेऱ्यांच्या बेरजेत हा चढ-उतार चौपट होत नाही, साधारण दुप्पट होतो, कारण चांगल्या आणि वाईट फेऱ्या एकमेकींना काही प्रमाणात भरून काढतात. म्हणजे आठवड्याचा चढ-उतार सहाएक फटक्यांचा. आता जगातला पहिल्या क्रमांकाचा खेळाडू टूरवरच्या, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेतल्या, सरासरी खेळाडूपेक्षा फेरीमागे अडीचएक फटक्यांनी सरस असतो, म्हणजे चार फेऱ्यांत दहा फटक्यांनी. कोणा एका सरासरी खेळाडूशी त्याची गाठ पडली तर तो बहुतेक वेळा जिंकेल. पण इतर १५५ जणांपैकी ज्याचा आठवडा सगळ्यात छान जाईल, तो स्वतःच्या सरासरीपेक्षा पंधराएक फटक्यांनी सरस खेळून जातो. तो कोण असेल हे गुरुवारी सकाळी कोणालाच माहीत नसतं, पण कोणीतरी असतो हे नक्की. म्हणून अव्वल खेळाडूने आपल्या नेहमीच्या दर्जाने खेळणं पुरत नाही. त्यालाही आपला चांगला आठवडा लागतो.

टायगर वूड्सने अमेरिकेच्या पीजीए टूरवर ८२ स्पर्धा जिंकल्या. सॅम स्नीडचेही तेवढेच विजय आहेत, त्यांच्यापुढे कोणी नाही. वूड्सच्या खेळलेल्या स्पर्धांशी हा आकडा ताडून पाहिला तर चार-पाच स्पर्धांमागे एक विजय असा हिशेब निघतो. गोल्फमधल्या दादा खेळाडूची ही कथा. इतरांना वर्षाला एक विजय मिळाला तरी ते वर्ष उत्तम मानलं जातं. स्कॉटी शेफलरने २०२४ मध्ये पीजीए टूरच्या सात स्पर्धा जिंकल्या, शिवाय पॅरिसला ऑलिम्पिक सुवर्ण मिळवलं. त्या वर्षीच्या मास्टर्स या मेजर स्पर्धेला त्याचा भाव एकाला चारच्या आसपास होता, आणि तो जिंकलाही. तरी त्या वर्षी तो ज्या स्पर्धांत उतरला, त्यांतल्या निम्म्याहून जास्त दुसऱ्याच कोणीतरी जिंकल्या.

भाव ठरवण्यामागे पूर्वी अंदाज, नाव आणि गेल्या दोन-चार आठवड्यांचे निकाल एवढंच असे. गेल्या दोन दशकांत हे बदललं. पीजीए टूरने शॉटलिंक नावाची यंत्रणा उभारली आणि स्पर्धेतला प्रत्येक फटका कुठून कुठे गेला हे इंचांत मोजलं जाऊ लागलं. कोलंबिया विद्यापीठातले प्राध्यापक मार्क ब्रोडी यांनी त्या आकड्यांवरून एक साधी आणि फार सुंदर मोजपट्टी तयार केली. आठ फुटांवरून टूरवरचे खेळाडू साधारण निम्म्या वेळा एका फटक्यात चेंडू होलमध्ये घालतात, उरलेल्या वेळी दोन लागतात. म्हणजे आठ फुटांच्या त्या जागेची किंमत दीड फटका. खेळाडूने एका फटक्यात घातला तर त्याने अर्धा फटका कमावला, दोन लागले तर अर्धा गमावला. अशी किंमत मैदानावरच्या प्रत्येक जागेची काढता येते, मग चेंडू फेअरवेवर असो, गवतात असो वा बंकरमध्ये. कोणी कोणत्या प्रकारच्या फटक्यात किती कमावलं ते वेगळं काढून दाखवता येतं. टूरने २०११ पासून ही मोजणी अधिकृतपणे पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये घालण्याच्या फटक्यांसाठी, सुरू केली आणि पुढे ती इतर फटक्यांनाही लागू केली.

ब्रोडी यांच्या हिशेबातून निघालेली एक गोष्ट गोल्फच्या जुन्या समजुतीला धक्का देणारी होती. स्पर्धा पटिंगवर जिंकल्या जातात, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाई. प्रत्यक्षात चांगल्या आणि साधारण खेळाडूंमधला दोन तृतीयांश फरक शंभर यार्डांच्या बाहेरून मारलेल्या फटक्यांतून येतो. लांबून ग्रीनवर चेंडू आणण्याची हातोटी आठवडेच्या आठवडे टिकते. पटिंग मात्र एका आठवड्यात बहरतं आणि पुढच्या आठवड्यात ओसरतं. गेल्या रविवारी लांबलांबचे पट घालून जिंकलेल्या खेळाडूवर या गुरुवारी लोक तुटून पडतात, त्याचा भाव खाली येतो आणि त्याचं पटिंग नेमकं आपल्या सरासरीवर परतलेलं असतं. जाणकार मंडळी उलट करतात. ज्याने ग्रीनवर चेंडू उत्तम आणले पण पट चुकवले, त्याचं नाव ती शोधतात. ही युक्ती काही वर्षं चालली. आता तेच आकडे बुकीकडेही असतात.

आकड्यांत न सापडणारी गोष्ट म्हणजे वारा. १५६ खेळाडू एकाच वेळी खेळू शकत नाहीत. निम्मे गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळतात, निम्मे उलट. २०१० मध्ये सेंट अँड्र्यूजच्या ब्रिटिश ओपनमध्ये रोरी मॅकिलरॉयने पहिल्या फेरीत ६३ मारले आणि तो सगळ्यांच्या पुढे गेला. शुक्रवारी दुपारी वारा इतका उठला की खेळ काही काळ थांबवावा लागला. मॅकिलरॉयला ८० लागले. दक्षिण आफ्रिकेचा लुई ऊस्टहायझन शुक्रवारी भल्या सकाळी, वारा उठण्याआधी, ६७ मारून मोकळा झाला होता. क्रमवारीत तो ५४ वा, भावांच्या यादीत बराच खाली. रविवारी तो सात फटक्यांनी जिंकला. त्याचा खेळ अप्रतिम होता यात वाद नाही, पण दोन फेऱ्यांच्या वेळा ज्याने काढल्या त्याचाही त्यात वाटा होता. म्हणून ब्रिटनमधले मुरलेले लोक ओपनच्या आधी खेळाडूंच्या नावांपेक्षा हवामानखात्याचा अंदाज जास्त वेळ वाचतात.

एवढी अनिश्चितता असेल तर फक्त पहिल्या क्रमांकावर पैसे लावणं कठीणच. म्हणून ब्रिटिश बुकींनी घोड्यांच्या शर्यतीतून ‘ईच वे’ ही पद्धत गोल्फमध्ये आणली. आपल्याकडच्या विन आणि प्लेस या दोन्ही पैजा एकत्र बांधल्यासारखी ती असते. वीस पौंड लावले तर दहा जिंकण्यावर आणि दहा पहिल्या पाचात येण्यावर. दुसऱ्या भागाला भावाचा चौथा हिस्सा मिळतो, कुठे पाचवा. भाव एकाला पन्नास असेल आणि खेळाडू दुसरा आला तर जिंकण्यावरचे दहा गेले, पण दुसऱ्या दहांवर साडेबारापट, म्हणजे १२५ आणि वर मूळचे दहा. मात्र गोल्फमध्ये बरोबरी फार होते. पाचव्या जागेवर चौघं बरोबरीत आले आणि जागा एकच उरली असेल, तर आपल्या दहा पौंडांचे चार भाग केले जातात आणि एकाच भागावर पैसे मिळतात. १३५ च्या जागी हातात येतात ३३ पौंड ७५ पेन्स. पहिल्यांदा पैसे लावणाऱ्याला हा नियम बहुतेक सोमवारी कळतो.

दुसऱ्या क्रमांकाचं मोल किती असतं, हे पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीने २०२२ च्या मार्चमध्ये दाखवलं. फ्लोरिडातली प्लेयर्स चॅम्पियनशिप, टीपीसी सॉग्रासचं मैदान. त्या आठवड्यात जागतिक क्रमवारीत लाहिरी ३२२ वा होता. वादळी पावसाने खेळ इतका रेंगाळला की स्पर्धा सोमवारी संपली. तिसरी फेरी संपली तेव्हा लाहिरी सगळ्यांच्या पुढे होता. शेवटच्या फेरीत ऑस्ट्रेलियाच्या कॅमेरॉन स्मिथने दहा बर्डी केल्या, म्हणजे दहा होल ठरलेल्यापेक्षा एक फटका कमी घेऊन संपवले. पाण्याने वेढलेल्या सतराव्या होलवर त्याने चेंडू झेंड्यापासून काही फुटांवर ठेवला आणि अठराव्यावर मात्र पाण्यात घालवला. त्याची बोगी झाली, म्हणजे एक फटका जास्त लागला. मागून येणाऱ्या लाहिरीने सतराव्यावर बर्डी केली. शेवटच्या होलवर आणखी एक मिळाली असती तर बरोबरी होऊन निकाल प्लेऑफवर गेला असता. त्याला पार मिळाला, म्हणजे ठरलेलेच फटके लागले. २७५ विरुद्ध २७६. स्मिथला ३६ लाख डॉलर, लाहिरीला २१ लाख ८० हजार. लाहिरी जिंकेल यावर ज्यांनी पैसे लावले होते त्यांचे सगळे पैसे गेले, आणि ज्यांनी ईच वे लावले त्यांना वर्षभर पुरेल एवढा आनंद झाला असेल. ३२२ व्या क्रमांकाच्या माणसाचं आणि विजयाचं अंतर ७२ होलनंतर एक फटका होतं. भाव कितीही काटेकोर असला तरी हा एक फटका त्यात मावत नाही.

गोल्फ आणि पैज यांची सोबत जुनी आहे. ब्रिटिश ओपन १८६० मध्ये सुरू झाली. त्याआधी स्कॉटलंडमध्ये नामांकित खेळाडूंच्या झुंजी पैशांवरच होत. १८४९ मध्ये सेंट अँड्र्यूजचे अ‍ॅलन रॉबर्टसन आणि टॉम मॉरिस हे मसलबरोच्या डन बंधूंविरुद्ध चारशे पौंडांसाठी तीन मैदानांवर खेळले. एक-एक मैदान दोघांनी घेतलं. नॉर्थ बेरिकच्या निर्णायक झुंजीत आठ होल उरले असताना डन बंधू चार होलनी पुढे होते, आणि बघ्यांमध्ये रॉबर्टसन-मॉरिस जोडीवर एकाला वीस असा भाव फुटला. तिथून ती जोडी बरोबरीला आली. शेवटून दुसऱ्या होलवर डन बंधूंचा चेंडू एका दगडामागे जाऊन बसला. मागे काढून घेण्याऐवजी ते पुढेच मारत राहिले आणि तो होल त्यांनी घालवला. सामनाही गेला. एकाला वीस घेणाऱ्यांचं भलं झालं.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात क्लबांमध्ये जी पद्धत रूढ झाली ती आपल्या कोलकात्याचं नाव सांगते. ब्रिटिश अमलात तिथल्या घोड्यांच्या शर्यतींभोवती ज्या सोडती आणि लिलाव चालत, त्यांवरून तिला ‘कॅलकटा’ म्हणतात. स्पर्धेच्या आदल्या रात्री एकेका खेळाडूचा लिलाव होतो. सगळ्यात मोठी बोली लावणारा त्या खेळाडूचा ‘मालक’ होतो, बोलीचे पैसे एका गल्ल्यात जमतात आणि विजेत्याच्या मालकाला त्यातला मोठा वाटा मिळतो. इथे बुकी नसतो, भाव बोली लावणारेच ठरवतात, म्हणून मला ही पद्धत हिशेबाने तरी जास्त सरळ वाटते. मास्टर्सच्या सुरुवातीच्या वर्षांत, ती जिथे होते त्या ऑगस्टालाही असे लिलाव होत. पण १९५५ मध्ये लाँग आयलंडवरच्या डीपडेल क्लबात दोन कसलेले खेळाडू खोटा हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट, सांगून उतरले आणि त्यांच्या मालकांनी गल्ला नेला. प्रकरण उघड झाल्यावर अमेरिकी गोल्फ संघटनेने अशा लिलावांविरुद्ध जाहीर भूमिका घेतली.

बुकीला माहीत नसलेलं काहीतरी माहीत असणं हा पैजेतला एकमेव खरा फायदा, आणि त्याचं प्रामाणिक उदाहरणही आहे. २००४ मध्ये रोरी मॅकिलरॉय पंधरा वर्षांचा होता. त्याचे वडील गेरी यांनी तो येत्या दहा वर्षांत ब्रिटिश ओपन जिंकेल यावर एकाला पाचशे या भावाने पैसे लावले. लॅडब्रोक्स या सट्टा कंपनीच्या लेखी ते उत्तर आयर्लंडमधलं एक शाळकरी पोर होतं. रोज त्याला चेंडू मारताना बघणाऱ्या बापाच्या लेखी नव्हतं. २०१४ च्या जुलैत, मुदत संपत आली असताना, मॅकिलरॉय होयलेकला ब्रिटिश ओपन जिंकला.

याच्या उलट गोष्ट २०१९ ची. मास्टर्सच्या आधी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचा एक माणूस लास वेगासला गेला आणि टायगर वूड्सवर एकाला चौदा भावाने ८५ हजार डॉलर लावून आला. वूड्सने तोवर अकरा वर्षांत एकही मेजर जिंकली नव्हती, त्याच्या पाठीवर चार शस्त्रक्रिया झाल्या होत्या. तो जिंकला आणि त्या माणसाला ११ लाख ९० हजार डॉलर मिळाले. ही बातमी जगभर पोचली. पुढची तितकी पोचली नाही. वूड्स त्या वर्षीच्या उरलेल्या तिन्ही मेजर जिंकेल यावर त्याने एकाला शंभर भावाने एक लाख डॉलर लावले. पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कजवळच्या बेथपेजला वूड्स पीजीए चॅम्पियनशिपच्या दोन फेऱ्यांनंतर बाहेर पडला. ते एक लाख तिथेच संपले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये खेळांवरच्या पैजांची देशव्यापी बंदी रद्द केली आणि दोन वर्षांत पीजीए टूरने स्वतःच सट्टा कंपन्यांशी करार केले. आता मोबाइलवर पुढचा फटका फेअरवेवर पडेल का यावरही पैसे लावता येतात. माझ्या मते हे वाईट झालं. चार दिवसांची एक पैज माणसाला चार दिवस खेळ बघायला लावते. दर फटक्याची पैज त्याला खेळाडूला त्रास द्यायला लावते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये शिकागोजवळ बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिपमध्ये मॅक्स होमा पट मारत असताना एक प्रेक्षक मुद्दाम ओरडला. त्याने पैज लावली होती तीन डॉलरची. होमाने पट घातला आणि त्या माणसाला चार शब्द सुनावले. त्याच वर्षी पीजीए टूरने आपल्या खालच्या पायरीवरच्या, कॉर्न फेरी टूरच्या दोन खेळाडूंना गोल्फवर पैजा लावल्याबद्दल निलंबित केलं. त्यांनी स्वतःच्या स्पर्धांवर पैसे लावले नव्हते, तरी नियम नियम असतो, आणि तो कडक आहे ते बरंच आहे.

महाराष्ट्रात गोल्फवर पैसे लावण्याला कायद्याची मुभा नाही. १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा इथे लागू आहे, परवान्याखालच्या घोड्यांच्या शर्यतींपुरती वेगळी व्यवस्था आहे. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार निरर्थक ठरतो, म्हणजे जिंकलेले पैसे कोणी दिले नाहीत तर कोर्टात जाता येत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ चालवणं आणि त्यांची जाहिरात करणं हाही गुन्हा ठरला आहे. त्यामुळे परदेशी नावाचं एखादं अ‍ॅप गोल्फचे भाव दाखवून मराठीत आमंत्रण देत असेल तर ते उघडू नये.

न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकासाठी मात्र हे सगळं कायदेशीर आहे आणि टीव्हीवरच्या जाहिरातींत रोज समोर येतं. त्यांना एकच सांगणं आहे. पुढच्या एप्रिलमध्ये मास्टर्सचे भाव लागले की पैसे लावण्याआधी अख्खी यादी एका कागदावर उतरवा, प्रत्येक भावाची टक्केवारी काढा आणि बेरीज करा. अर्ध्या तासाचं काम आहे. शंभराच्या वर जे काही येईल ते तुमच्या खिशातून जाणार आहे, आणि ते किती आहे हे पाहूनच पुढचा निर्णय घ्या.